तीन हातांचं मशीन आणि मामाचे बूट

मामाच्या अनवाणी पायांवरून मी त्याच्यावर जेवढा ओरडलो, तेवढा आयुष्यात दुसऱ्या कुणावर ओरडलो नसेन. आणि ओरडण्याच्या बाबतीत मी हात राखून वागणारा नाही, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. बायको म्हणते, तुम्ही घरात बोलता ते शेजारी दोनदा सांगावं लागत नाही. असू दे. पण त्यातल्या एका ओरडण्याची मला आजही लाज वाटते, म्हणून हे लिहितोय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी आयटीआय करून फिटर झालो होतो आणि इस्लामपूरला एका वर्कशॉपात उसाच्या ट्रॉल्यांची चाकं बसवत होतो. तेवढ्यात कोयनेच्या खोऱ्यात डोंगराच्या पोटातून पाण्याचा बोगदा खणायचं काम निघालं आणि तिथं मला फिटर म्हणून घेतलं. आई म्हणाली, बरं झालं, मामाजवळ राहशील. माझा सख्खा मामा, कडेगावाकडचा. धरणाच्या पहिल्या कामापासून तो त्या खोऱ्यात होता आणि तेव्हापासून एकच काम करत होता, खडकात भोकं पाडायचं. कोयनानगरच्या वसाहतीत त्याची दोन खोल्यांची पत्र्याची चाळवजा जागा होती. मामा, मामी, आणि आता मी.

भोकं पाडणं म्हणजे काय ते सांगतो, कारण आता ते कुणाला माहीत नसतं. बोगद्याच्या आतल्या टोकाशी, म्हणजे जिथं खणणं थांबलंय आणि पुढं नुसता खडक आहे तिथं उभं राहायचं, दोन माणसांनी मिळून हवेवर चालणारा जॅकहॅमर छातीशी धरायचा आणि काळ्या पाषाणात पुरुषभर खोल भोक घ्यायचं. अशी भिंतभर भोकं झाली की त्यात दारू ठासायची, सगळ्यांनी बाहेर पळायचं, सुरुंग उडवायचा, दगडमाती काढायची आणि पुन्हा पहिल्यापासून. हातातलं ते धूड दिवसभर थरथरतं. मामा घरी येऊन जेवायला बसला तरी त्याच्या हातातली भाकरी थरथरत असायची. थंडीत बोटं पांढरी पडायची. जुने दिवस किती चांगले होते असं म्हणणारा माणूस भेटला की मला वाटतं, ह्याच्या हातात एकदा जॅकहॅमर द्यावा आणि मग विचारावं.

तर अशात ते नवं मशीन आलं. कराडाहून पाटणमार्गे, सुटे भाग करून, तीन ट्रकांवर. आठ-दहा दिवस मी आणि मशीन देणाऱ्या कंपनीचा माणूस ते जोडत होतो. रुळावर चालणारा गाडा, पुढं तीन लांब लोखंडी हात, प्रत्येक हातावर एक ड्रिल, आणि मागं माणूसभर उंचीवर लोखंडी पत्र्याचा ओटा. ड्रिल चालवणाऱ्यानं त्या ओट्यावर उभं राहायचं आणि दांडे ओढायचे, बस्स. ड्रिल आपणहून खडकात शिरायचं, आपणहून पुढं सरकायचं, ठरलेली खोली झाली की आपणहून थांबायचं आणि आपणहून मागं यायचं. छातीला धक्का नाही, तोंडात धूळ नाही. मी तर त्या मशीनच्या प्रेमातच पडलो होतो. घरी जेवताना तेच, झोपताना तेच. मामी एकदा वैतागून म्हणाली की लगीनबी त्याच्याशीच लाव.

पण त्या मशीनला एक खोड होती. आमच्या डोंगरात काळ्या पाषाणाच्या मधेमधे लाल मातीचे मऊ थर लागतात, गेरूसारखे. ड्रिल पाषाणातून त्या थरात शिरलं की ड्रिलची लांब दांडी आत चिमटीत धरल्यासारखी अडकायची. मशीनला ते कळायचं नाही. ते आपलं पुढंच रेटत राहायचं. मग अडकलेली दांडी सोडवण्यात अर्धी पाळी जायची. त्यासाठी ओट्यावरच्या माणसानं त्या क्षणी दांडा मागं ओढायला हवा. भोकातून लाल पाणी यायला लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. थर लागला की आवाज बदलतो, कडक ठणठण असते ती जरा बसकी होते. ज्याला कान आहे त्याला ते ऐकू येतं, असं मी सगळ्यांना शिकवायचो.

आता मुद्द्याचं. हातानं भोकं पाडणाऱ्या चार टोळ्या होत्या आणि मशीनला माणसं लागणार होती सहा. बाकीच्यांना बोगद्याबाहेर, खडी फोडायच्या यंत्राकडं, नाहीतर घरी. त्यासाठी आधी महिनाभर शिकवणी आणि मग साहेबांसमोर परीक्षा. साहेब म्हणजे बोगद्याचे इंजिनिअर, पुण्याकडचे, कमी बोलणारे, शिस्तीला कडक. शिकवायचं काम माझ्याकडं. मामा माझ्याच हाताखाली शिकायला आला तेव्हा मला इतका अभिमान वाटला की काय सांगू. लहानपणी ज्यानं खांद्यावर बसवून कडेगावचा बाजार दाखवला, त्याला मी दांडे कसे ओढायचे ते दाखवत होतो.

आणि मामा सगळ्यांत हुशार निघाला. महिनाभरात बाकीच्यांच्या दांड्या किती वेळा अडकल्या त्याचा पत्ता नाही, मामाची एकदाही नाही. लाल थर लागला रे लागला की ह्याचा हात मागं. मला स्वतःला आवाज बदललेला कळायच्या आधी. मी कंपनीच्या माणसाला म्हणालोसुद्धा, बघा, आमच्याकडचे कान.

फक्त एक गोष्ट माझं डोकं फिरवायची. ओट्यावर चढायच्या आधी मामा गमबूट काढून खाली नीट जोडीनं ठेवायचा आणि अनवाणी उभा राहायचा. लोखंडी पत्रा ओला, वर दगडाचा चुरा, थंडगार. रोज मी ओरडायचो. इथं काय शेतात पाणी पाजायला आलाय काय, एखादा दगड पडला तर बोटं राहतील काय, लोक हसतात, मला शरम वाटते. मामा माझ्या तोंडाकडं बघत शांतपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, पाय मोकळे असले की बरं वाटतं. मग मी हात टेकायचो.

घरातल्याही काही गोष्टी माझ्या डोळ्यासमोर होत्या, पण मला दिसत नव्हत्या. मामी मामाला कधी हाक मारायची नाही. जेवायला वाढलं की उलथनं जमिनीवर ठोकायची. मला वाटायचं बाई तापट आहे. कोयनेत तेव्हा भूकंपाचे बारके धक्के अधूनमधून बसायचे. आम्ही जमिनीवर जेवायला बसलेलो असायचो, मामा ताटातला हात थांबवून म्हणायचा, "आला," आणि मग क्षणभरानं फळीवरची भांडी वाजायची. मी म्हणायचो, मामाला देवाचं देणं आहे. मामी खाली मान घालून भाकरी मोडत राहायची.

परीक्षेचा दिवस ठरला आणि साहेबांनी सांगितलं की त्या दिवशी बुटाशिवाय एकही माणूस ओट्यावर चढणार नाही. मला आनंदच झाला. माझे वडील मिलिटरीतून पेन्शन घेऊन आलेले. ते आम्हाला सांगायचे की साहेब आधी बूट बघतो आणि मग माणूस. आमच्याकडं घरटी एक तरी माणूस पलटणीत, त्यामुळं हे आमच्या रक्तातच. मी ठरवलं, मामा फाटक्या गमबुटात साहेबापुढं जाणार नाही. वर्तमानपत्राचा कागद जमिनीवर टाकला, मामाला त्यावर उभा केला आणि पेन्सिलीनं पायाचं माप काढलं. अनवाणी चालून पाय असा फताडा झालेला की कागद पुरेना. तो कागद घेऊन मी एसटीनं इस्लामपूरला गेलो. बाजारात एका चाचांचं चपला-बुटांचं दुकान होतं, मिलिटरीच्या धर्तीचे बूट मिळायचे. चाचांनी कागद बघून विचारलं, "ये पाँव है या पाटा?" शेवटी सर्वांत मोठा जोड काढून दिला. जाड चामडं, जाड तळ, तळाला खिळे. परत येईपर्यंत मी तो मांडीवर धरून बसलो होतो.

मामानं बूट हातात घेतले, उलटे केले आणि अंगठ्यानं तळ दाबून बघितला. बराच वेळ. मग म्हणाला, "लय भारी हायत रं." मामीनं बुटांकडं बघितलं, मामाकडं बघितलं आणि आत निघून गेली. मला वाटलं, भाच्यानं एवढा खर्च केला म्हणून तिला भरून आलं असेल. काय मी शहाणा होतो!

परीक्षा सकाळच्या पाळीत झाली. साहेब, कंपनीचा माणूस आणि मी खाली रुळाशेजारी उभे. मामा ते बूट घालून शिडी चढला तेव्हा ते असे चमकत होते की कंपनीच्या माणसानंही बघितलं. पहिली दोन भोकं झाली, ठीक झाली. तिसरं भोक अर्ध्यावर आलं आणि मला आवाज बदललेला ऐकू आला. ठणठण बसकी झाली. मी मामाच्या हाताकडं बघितलं. हात दांड्यावर होता, पण हलत नव्हता. मी ओरडलो, मागं घ्या. कंपनीचा माणूसही ओरडला. मामा समोर बघत उभा. त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती बघितली, म्हणजे काहीतरी शोधतोय आणि ते सापडत नाही अशी. भोकातून लाल पाणी आलं तेव्हा त्यानं दांडा ओढला. दांडी अडकली होती. मशीन कण्हत थांबलं. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या माणसाला बोलवायला सांगितलं.

बोगद्याबाहेर हातपाय धुवायला पाण्याचा पाट होता. मामा तिथं दगडावर बसला होता. मी गेलो आणि सुरू केलं. महिनाभर शिकवलं ते काय झालं, आवाज ऐकू आला नाही काय, झोपला होता काय, मी एवढा बोंबलत होतो, माझं नाक कापलं, असं तोंडाला येईल ते. आजूबाजूला माणसं होती, त्यांची मला पर्वा नव्हती. मामा माझ्या तोंडाकडं बघत होता. माझं संपल्यावर त्यानं बुटाची नाडी सोडायला घेतली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला,

"बूट घातलं की मला ऐकू येत न्हाई रं."

मला वाटलं, थट्टा करतोय. नव्हता करत. नाडी सोडता सोडता त्यानं सगळं सांगितलं. वीस वर्षं जॅकहॅमर कानाशी. आधी पाखरांचा आवाज गेला, मग मामीचा, मग सगळाच. आता तीन वर्षं झाली होती. बोललेलं तो तोंडाकडं बघून ओळखायचा आणि खडक त्याला तळपायातून कळायचा. आधी रुळांतून कळायचा, आता माझ्या मशीनच्या ओट्यातून. हे फक्त मामीला माहीत होतं. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाला, तू एवढ्या हौसेनं बूट आणलेस.

माझ्या तोंडात कुणी मारलं असतं तर बरं झालं असतं. उलथनं ठोकणारी मामी, भांड्यांच्या आधी कळणारा धक्का, माझ्या तोंडाकडं बघत ऐकून घेणं, सगळं एकदम समोर आलं. महिनाभर मी एका बहिऱ्या माणसाला आवाज ऐकायला शिकवत होतो आणि ज्यानं त्याला ऐकू येतं तेच झाकायला इस्लामपूरला जाऊन आलो होतो. मी मामाच्या शेजारी बसलो आणि रडलो. सरळ सांगतो, रडलो.

मग मी म्हटलं, मामा, सोडा हे काम. खडीवर उजेड असतो, मोकळी हवा असते. तुमच्या जिवाला आराम. मामानं नाही म्हणून मान हलवली.

"भाहीर मी भैरा हाय," तो म्हणाला. "आत समदंच भैरं असत्यात."

ते खरं होतं. बोगद्यात ड्रिल चालू असताना कुणालाच कुणाचं ऐकू जात नाही. सगळे हातानं बोलतात, दिव्यानं बोलतात. हात वर केला की थांब, दिवा गोल फिरवला की मागं ये. तिथं मामा चारचौघांसारखा होता, उलट चारचौघांत उजवा. बाहेर चहाच्या टपरीवर तो कधी बसत का नाही, गावच्या लग्नाला का जात नाही, हे मला त्या पाटावर कळलं. त्याला पगाराची एवढी काळजी नव्हती. त्याला ती जागा हवी होती जिथं तो इतर माणसांसारखा माणूस होता.

आता करायचं काय? साहेबांना खरं सांगावं तर बहिरा म्हणून बाहेर. न सांगावं तर नालायक म्हणून बाहेर. मी दुपारपर्यंत मशीनभोवती घिरट्या घातल्या आणि मग साहेबांच्या ऑफिसात जाऊन खोटं बोललो. म्हणालो, तिसऱ्या हाताचा हवेचा व्हॉल्व्ह मी ढिला ठेवला होता, चूक माझी, त्या माणसाची नाही. कंपनीचा माणूस तिथंच होता, तो खवळलाच. तो व्हॉल्व्ह त्यानं स्वतः सकाळी तपासला होता. मी मान खाली घालून उभा. माझ्या स्वभावाला ते किती जड गेलं असेल बघा. साहेबांनी वही उघडून सकाळची नोंद पुन्हा वाचली. मग म्हणाले, परवा सकाळी पुन्हा घेऊ, आणि बूट हवेतच.

त्या दिवशी घरी गेलो आणि बूट मागितले. मामीनं आणून दिले. मी वर्कशॉपातून करवतीचं पातं आणलं होतं. एक बूट तिनं घट्ट धरला आणि मी तळ कापायला बसलो. खिळे काढले, कड तेवढी ठेवली, आतला सगळा तळ टाचेपासून बोटांपर्यंत कापून टाकला. नवाकोरा जोड, घरात येऊन आठवडा नाही. मामी आधी हसायला लागली आणि मग हसता हसता पदर डोळ्याला लावला. वरून बघावं तर ऐटदार मिलिटरीचे बूट, खालून मामाचा फताडा पाय जमिनीवर. मामा दोन खोल्यांत त्यात फिरून आला आणि म्हणाला, आता पावसात छत्रीबी अशीच आण. मग मामीनं मला तिची भाषा शिकवली. जमिनीवर एकदा ठोकलं की थांब. दोनदा ठोकलं की झालं, चला. एवढ्या दोन शब्दांवर त्यांचा तीन वर्षं संसार चालला होता.

ठरलेल्या सकाळी मामा पुन्हा ओट्यावर चढला. शिडीवर मी त्याच्या मागंच होतो, खालून कुणाला तळ दिसू नयेत म्हणून. साहेबांनी हातानं खूण केली, मशीन सुरू झालं. पहिलं भोक, दुसरं, तिसरं. चौथं भोक चालू असताना मामाचा हात झटकन मागं आला. मला वाटलं, चुकला, घाबरून ओढला. मग ड्रिल मागं येता येता भोकातून लाल पाण्याची धार लागली. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मामानं थोडा थोडा दांडा देत, मागंपुढं करत, तो थर पार केला आणि भोक पुरं केलं. कंपनीच्या माणसानं स्वतःहून टाळी वाजवली.

मामा खाली उतरला आणि रुळाजवळ जाऊन उभा राहिला. मी दिवा बंद करायला ओट्यावर होतो. तेवढ्यात साहेब शिडीनं वर आले, दांडे बघायला. मी पायाखाली बघितलं. पत्र्यावर भोकांतून उडालेला लाल चिखल साचला होता, आणि मामा उभा होता तिथं त्या चिखलात दोन पावलं उमटली होती. भोवती बुटाची कड आणि मधे पाच पाच बोटं.

साहेबांनी ती बघितली. मग त्यांनी ओट्याच्या कडेवरून खाली मामाच्या चमकत्या बुटांकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं. शिडीवर कंपनीच्या माणसाचं डोकं दिसायला लागलं होतं. साहेबांनी एक पाऊल पुढं टाकलं, आपला बूट पहिल्या ठशावर ठेवला आणि चिखल झाडावा तसा घासला. मग दुसऱ्यावर. कंपनीचा माणूस वर आला तेव्हा तिथं नुसता लाल चिखल होता.

त्याला दांडे दाखवून खाली पाठवल्यावर साहेब माझ्याजवळ आले.

"सुरुंगाचा भोंगा झाला की त्यांना कोण सांगणार?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

बुटांना तळ नाही आणि आम्ही बोंबललो तरी मामा वळला नव्हता, यावरून त्यांनी सगळं ओळखलं होतं. भोंग्याचा विचार मी केलाच नव्हता. मामाला आत ठेवायच्या नादात त्याच्या जिवाचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"त्यांच्या प्रत्येक पाळीला तू," साहेब म्हणाले. "रोज. तुझा एक खाडा झाला तर ते बाहेर." आणि शिडी उतरून गेले.

खाली मामा माझ्या तोंडाकडं बघत उभा होता. बुटातला एक पाय त्यानं रुळावर ठेवला होता. त्यानं हातानंच विचारलं, काय झालं. मी खिशातला पाना काढला, वाकलो आणि मशीनच्या लोखंडावर दोनदा ठोकलं.

मामा हसला.